फ्रेम वाटेत गळते की वेळेत बनतच नाही?

नव्या पीसीवरून पहिल्यांदा गेम खेळत लाइव्ह गेलात की चॅटमध्ये एक निरोप हमखास येतो: ‘भावा, लॅग होतंय.’ गेल्या दिवाळीत माझ्या मावसभावाला तो आला. पोरानं दोन वर्षं पैसे साठवून, उरलेल्याचे हप्ते करून मशीन असेंबल केलं होतं. त्याच्या स्क्रीनवर गेम कुठंही न अडखळता पळत होता, बघणाऱ्यांना मात्र चित्र थांबत थांबत दिसत होतं. त्यानं गेमचं ग्राफिक्स उतरवलं, रिझोल्यूशन कमी केलं, आणखी महागडं कार्ड घ्यायचं का म्हणून दुकानदाराला फोनही लावला. दोष निघाला वायफायमध्ये. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! तेव्हापासून मी हा फरक भेटेल त्याला समजावून सांगतो, कारण यात लोकांचे कष्टाचे पैसे उगाच जातात.

‘लॅग’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळी दुखणी दडलेली आहेत. पंगतीत बसलेल्या माणसाचं पान रिकामं आहे एवढंच त्याला कळतं. आत पुऱ्या तळून तयार आहेत पण वाढपी गर्दीत अडकलाय, की कढईच लहान असल्यामुळं पुऱ्या वेळेत होत नाहीत, हे त्याला पानावरून दिसत नाही. पहिलं दुखणं म्हणजे ड्रॉप्ड फ्रेम्स: फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र, तयार झाली, पण इंटरनेटच्या वाटेवर जागा नव्हती. दुसरं म्हणजे स्किप्ड फ्रेम्स: एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून पाठवण्याजोगं करणारा भाग, वेळेत उरकू शकला नाही, म्हणून ती फ्रेम स्ट्रीममध्ये आलीच नाही.

ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींची नोंद वेगवेगळी होते. डॉक्स मेनूतून स्टॅट्सची खिडकी उघडा. ‘स्किप्ड फ्रेम्स ड्यू टू एन्कोडिंग लॅग’ ही ओळ मशीनची, आणि खालच्या तक्त्यातला ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा रकाना नेटवर्कचा. मुख्य खिडकीच्या तळाशी ड्रॉप्ड फ्रेम्सचा जो आकडा दिसतो, तोही नेटवर्कचाच. तो शून्य आहे म्हणून सगळं ठीक आहे असं धरू नका. टक्केवारी लहान दिसली तरी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. 60 एफपीएसनं, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम्सनं, तासाभरात 2,16,000 फ्रेम्स होतात. त्यातल्या 2 टक्के गेल्या तर 4,320, म्हणजे 72 सेकंदांचा खेळ गायब.

खिडकीतले आकडे वाचायचे नसतील तर माझी आवडती चाचणी करा. त्याच सेटिंगवर स्ट्रीमऐवजी पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करा. रेकॉर्डिंगला इंटरनेट लागत नाही. ते स्वच्छ आलं तर मशीनला दोष देऊ नका. त्यातही चित्र अडखळलं तर राउटरला हात लावायची गरज नाही.

खरा घोटाळा उपाय निवडताना होतो. 1080पी चं 720पी केलं की पिक्सेल सव्वादोन पटीनं कमी होतात आणि एन्कोडरचं ओझं उतरतं. पण सीबीआरमध्ये, म्हणजे डेटाचा वेग कायम ठेवणाऱ्या सेटिंगमध्ये, बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) 6000 केबीपीएसच (किलोबिट) ठेवला असेल तर वायरवरून पूर्वीइतकाच डेटा जातो. नेटवर्कला काडीचाही आराम मिळत नाही, वर चित्र मात्र बारीक झालेलं. भावानं नेमकं हेच केलं होतं. उलट बिटरेट 6000 वरून 4000 वर आणला की नेटवर्क मोकळं होतं, पण एन्कोडरचं काम फारसं हलकं होत नाही, कारण पिक्सेल तेवढेच राहतात. नेट खरोखर कमी असेल तर दोन्ही उतरवा, कारण 720पी चं चित्र कमी बिटरेटमध्येही तग धरतं.

एन्कोडरकडे 60 एफपीएसला एका फ्रेमसाठी जेमतेम 16.67 मिलिसेकंद असतात. एक्स264 हा सॉफ्टवेअर एन्कोडर निवडला की हे काम प्रोसेसर करतो, म्हणजे ज्या कोअरवर गेम चालतो त्यांच्यावरच. त्याच्या ‘व्हेरीफास्ट’ या हलक्या सेटिंगवर ठीक चालणारं मशीन जास्त मेहनतीच्या ‘मीडियम’वर धापा टाकतं. एनव्हिडियाच्या कार्डांत एनव्हीएन्क हा वेगळा भाग फक्त एन्कोडिंगसाठी असतो, इंटेलकडे क्विक सिंक आहे, एएमडीचाही स्वतःचा एन्कोडर आहे. आरटीएक्स 20 मालिकेपासून (2018) पुढचं कार्ड असेल तर मी दुसरा विचारच करत नाही: एनव्हीएन्क, सीबीआर, कीफ्रेम इंटर्व्हल (दोन पूर्ण चित्रांमधलं अंतर) 2 सेकंद, आणि ट्विच या स्ट्रीमिंग साइटसाठी 6000 केबीपीएस.

स्टॅट्समध्ये रेंडरिंग लॅगचीही एक ओळ असते. गेमनं ग्राफिक्स कार्ड 99 टक्के खाल्लं की ओबीएसला चित्र जुळवायलाच वाव उरत नाही. गेममध्ये फ्रेमरेटला मर्यादा घाला आणि ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

नेटवर्कच्या बाबतीत डाउनलोडचा आकडा विसरा, अपलोड बघा. आणि दहा सेकंदांच्या स्पीड टेस्टवर विसंबू नका. स्ट्रीमला तीच गती दोन-तीन तास सलग लागते. 6000 केबीपीएसचा व्हिडिओ आणि 160 चा आवाज धरला तर तासाला पावणेतीन जीबीच्या आसपास डेटा वर जातो. दिवसाला 2 जीबीच्या मोबाइल पॅकवर हॉटस्पॉट लावून बसलात तर पाऊण तासाच्या आतच पॅक संपेल. वाट तुंबली की ओबीएस आधी कमी महत्त्वाच्या फ्रेम्स टाकून देतो, मग पुढच्या. ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये गर्दीनुसार बिटरेट आपोआप कमी करण्याची सोय आहे; ती चालू ठेवली तर चित्र थोडं धूसर होतं, पण थांबत नाही. मला ते जास्त बरं वाटतं.

भावाच्या घरी आम्ही त्या रात्री स्टॅट्स उघडून बसलो. स्किप्ड शून्य. ड्रॉप्ड मात्र मिनिटभर गप्प राहायचे आणि मग एकदम शेकड्यांनी वाढायचे. बाहेरच्या खोलीत मावशीचा फोन चार्जिंगला लावलेला, आणि दिवाळीच्या फोटोंचा बॅकअप त्याच वायफायवरून वर चढत होता. बॅकअप थांबवला, दुसऱ्या दिवशी बाजारातून पंधरा मीटरची लॅन केबल आणून दाराच्या चौकटीवरून त्याच्या टेबलापर्यंत ओढली. रिझोल्यूशन परत 1080पी केलं. रात्री दोन तास स्ट्रीम चालला आणि ड्रॉप्डचा आकडा शून्यावरून हलला नाही.