वेळमंजुरी आणि प्रवेशपरवाना: मोठ्या संशोधन केंद्रांत जाणाऱ्या कोकणातील अभ्यासकांसाठी

रत्नागिरीच्या भाट्ये, काळबादेवी, मालगुंड या किनाऱ्यांवरील काळसर वाळूत इल्मेनाइट आहे. त्यातील लोह आणि टायटॅनियम कोणत्या रासायनिक अवस्थेत आहेत हे नेमके पाहायचे असेल, तर महाविद्यालयातील उपकरणे एका टप्प्यापुढे अपुरी पडतात. मग अर्ज जातो इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राकडे, जिथे इंडस-२ या १७२.५ मीटर परिघाच्या वर्तुळात २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरत राहतात आणि त्यांच्यापासून मिळणारे क्ष-किरण वेगवेगळ्या बीमलाइनींवर (किरण नमुन्यापर्यंत नेणाऱ्या प्रयोगमार्गांवर) वापरायला दिले जातात. काही महिन्यांनी ‘प्रस्ताव मंजूर’ असे पत्र येते, विभागात अभिनंदन होते, आणि बहुतेकांची समजूत अशी होते की आता फक्त गाडीचे आरक्षण करायचे उरले आहे. ही समजूत चुकीची आहे. ते पत्र वेळमंजुरीचे, म्हणजे यंत्र वापरायला वेळ दिल्याचे असते; प्रवेशपरवाना, म्हणजे आवारात जाण्याची परवानगी, ही स्वतंत्र बाब असून ती वेगळ्या लोकांच्या हाती, वेगळ्या निकषांवर आणि वेगळ्या मुदतीने चालते.

वेळमंजुरी प्रयोगाला मिळते. प्रश्न महत्त्वाचा आहे का, तो याच यंत्रावर सुटण्याजोगा आहे का, मागितलेला वेळ वाजवी आहे का, एवढेच विषयतज्ज्ञांची समिती पाहते. अर्जदार कोणत्या तालुक्यातून येतो, त्याच्या ओळखपत्रावरचे नाव कसे लिहिले आहे, तो पेनड्राइव्ह आणणार आहे का, याच्याशी समितीला कर्तव्य नसते आणि नसावेही. प्रवेशपरवाना मात्र माणसाला मिळतो, आणि तोही ठरावीक दिवसांसाठी, ठरावीक इमारतीपुरता. प्रयोग कितीही मोलाचा असला तरी सुरक्षा विभागाने विचारलेल्या माहितीला तो उत्तर ठरत नाही. म्हणूनच एकच मंजूर प्रस्ताव घेऊन चौघे निघाले असता तिघे आत जातात आणि चौथा फाटकाबाहेर थांबतो, असे घडू शकते. त्यात कोणाचा आडमुठेपणा असतोच असे नाही.

या दोन गोष्टी किती स्वतंत्र आहेत हे, त्यांपैकी एकच असते तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. अमेरिकेतील अ‍ॅडव्हान्स्ड फोटॉन सोर्स या क्ष-किरण केंद्राच्या ११-बीएम बीमलाइनसाठी भुकटीचे नमुने टपालाने पाठवता येतात. संशोधक तिथे पाऊलही न टाकता मोजमापे मिळवतो. उलट, जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना पाहण्यास खुली असते. त्या दिवशी आत गेलेल्या हजारोंपैकी कोणाकडेही निरीक्षणाचा एक मिनिटाचा वेळ नसतो. तो वेळ सहा-सहा महिन्यांच्या निरीक्षण-चक्रांसाठी आलेल्या प्रस्तावांतून एक वेगळी समिती वाटते. पहिल्या उदाहरणात वेळ आहे पण प्रवेश नाही, दुसऱ्यात प्रवेश आहे पण वेळ नाही.

प्रवेशपरवान्याच्या बाजूवर अधिक लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडचे अर्ज बहुधा तिथेच अडकतात. अणुऊर्जा विभागाच्या आवारांत सुरक्षा तपासणी कडक असते. मुंबईत तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील ध्रुव या १०० मेगावॅटच्या अणुभट्टीवरील न्यूट्रॉन उपकरणे विद्यापीठांतील संशोधकांना वापरता यावीत यासाठी विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या (यूजीसी-डीएई) संयुक्त संस्थेची व्यवस्था आहे; परंतु ती संस्था सहयोगाची वाट मोकळी करते, आवाराच्या फाटकावरची तपासणी रद्द करत नाही. प्रत्येक पाहुण्या संशोधकामागे केंद्रातील एक यजमान शास्त्रज्ञ असावा लागतो, तो आपल्या नावाने मागणी नोंदवतो, आणि ती मागणी वेळेत पुढे सरकली नाही तर मंजुरीपत्र खिशात असूनही उपयोग होत नाही. यजमान शास्त्रज्ञ हा आपला कारकून नव्हे, हेही लक्षात ठेवलेले बरे. त्याला कागद अर्धवट पाठवून ‘सर, जरा बघा ना’ म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

कागदांपैकी सर्वांत जास्त घोळ होतो तो संस्थेच्या पत्राचा. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातील संशोधक विद्यार्थ्याची पीएचडीची नोंदणी मुंबई विद्यापीठात, संशोधन केंद्र स्थानिक महाविद्यालयात आणि मार्गदर्शक तिसऱ्याच ठिकाणी, अशी स्थिती असामान्य नाही. प्रस्तावात एका संस्थेचे नाव, बोनाफाईड दुसऱ्या संस्थेचे आणि ओळखपत्र तिसऱ्याचे असेल, तर समितीने ते दुर्लक्षिले असले तरी सुरक्षा विभाग दुर्लक्षणार नाही. विवाहानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांच्या बाबतीत आधारकार्डावर एक आणि महाविद्यालयाच्या ओळखपत्रावर दुसरे नाव असते. ते जुळवून घेण्याचे काम प्रस्ताव पाठवण्यापूर्वीच उरकावे, हे माझे आग्रहाचे मत आहे.

संस्थेशी असलेले नाते प्रवेशाच्या बाबतीत किती निर्णायक ठरते, याचे मोठे उदाहरण सर्नचे आहे. जिनिव्हाजवळच्या या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत बाहेरचे संशोधक वैयक्तिक पाहुणे म्हणून नव्हे, तर प्रयोगात सहभागी असलेल्या संस्थेचे सदस्य म्हणून नोंदले जातात आणि त्या नोंदणीला संस्थेच्या गटप्रमुखाची संमती लागते. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी सर्नने रशियाबरोबरचा सहकार्य करार संपवला, तेव्हा रशियन संस्थांच्या नावे नोंद असलेल्यांचा प्रवेश थांबला. अन्य देशांतील संस्थांशी संलग्न असलेल्या रशियन नागरिकांना मात्र काम चालू ठेवता आले. भारत जानेवारी २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, पण म्हणून दापोलीच्या किंवा मालवणच्या एखाद्या प्राध्यापकाला आपोआप दार उघडत नाही. सहभागी संस्थेमार्फतच जावे लागते. शिवाय मुख्य फाटकाचे कार्ड मिळाले म्हणजे प्रवेगकाच्या बोगद्यात किंवा प्रयोगाच्या दालनात जाता येते असेही नाही. त्या प्रत्येक क्षेत्रासाठी वेगळी संमती आणि तिच्याशी जोडलेले सुरक्षा-प्रशिक्षण असते.

हे प्रशिक्षण व्यक्तीशी बांधलेले का असते, हे किरणोत्साराच्या हिशोबावरून कळते. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने किरणोत्सारी क्षेत्रात काम करणाऱ्यासाठी सलग ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचे एकक), आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. सामान्य नागरिकासाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. मात्रेची नोंद ज्याच्या त्याच्या टीएलडी बॅजवर (अंगावर लावायच्या मात्रामापकावर) होते, म्हणून सहकाऱ्याचा बॅज लावून आत जाणे हा केवळ नियमभंग नाही, तर दोघांच्याही नोंदी कायमच्या बिघडवण्याचा प्रकार आहे. बीमलाइनच्या शिसे लावलेल्या खोलीत कोणी उरलेले नाही याची फिरून खात्री करून दार बंद झाल्याशिवाय क्ष-किरण सोडता येत नाहीत, अशी यंत्रणा असते. ती कशी हाताळायची हे ज्याला शिकवले आहे त्यानेच ती हाताळायची असते, आणि प्रस्तावातील पहिले नाव कोणाचे आहे याने त्यात फरक पडत नाही.

नमुन्यांना दोन्ही चाळण्यांतून जावे लागते. प्रस्तावात ‘किनाऱ्यावरील खनिज वाळू’ एवढे लिहिलेले समितीला पुरते, पण सुरक्षेच्या अर्जात तिचे वजन, डबी, रासायनिक घटक आणि तिच्यात किरणोत्सारी थोरियमयुक्त मोनाझाइटचे कण असण्याची शक्यता हे सारे नमूद करावे लागते. (वाळू गोळा करण्याची कायदेशीर परवानगी हा आणखी तिसराच विषय आहे, किनारी वाळूतील इल्मेनाइट खाणकायद्याच्या अणुखनिजांच्या यादीत आहे, एवढे इथे सांगून ठेवतो.) हापूसच्या सालीचे किंवा शिंपल्यांचे नमुने तुलनेने निरुपद्रवी वाटतात, तरी तेही नोंदवावेच लागतात.

मुदतींचा मेळ बसवणे हे या सर्वांतील सर्वांत किचकट काम आहे. मंजूर वेळ पाळ्यांमध्ये मोजला जातो आणि यंत्र दिवसरात्र चालू असल्याने तुमची पाळी पहाटेही सुरू होऊ शकते. परवाना मात्र तारखांचा असतो. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागू असताना गाड्या मुद्दाम कमी वेगाने चालवल्या जातात आणि दरड कोसळली तर त्या अडकूनही पडतात. अशा दिवसांत परवाना नेमक्या पाळीच्या तारखेपासूनच मागणे धोक्याचे आहे. एक दिवस आधीपासून आणि एक दिवस नंतरपर्यंत मागावा. जादा दिवसांचे कारण यजमानाला सबळ वाटेल असे, म्हणजे प्रशिक्षण आणि नमुन्यांची तयारी, हे लिहावे. ऐन वेळी एखादा विद्यार्थी आजारी पडून दुसऱ्याला न्यायचे ठरले, तर समितीला किंवा वापरकर्ता कार्यालयाला कळवणे सहसा सोपे जाते, कारण प्रयोग तोच राहतो. नव्या व्यक्तीचा परवाना मात्र पहिल्यापासून सुरू करावा लागतो. म्हणून जाणार असलेल्यांपेक्षा एक-दोन अधिक नावांचे कागद सुरुवातीलाच पाठवून ठेवणे शहाणपणाचे आहे.

केंद्रांच्या बाजूनेही एक अपेक्षा व्यक्त करणे गैर होणार नाही. प्रस्ताव मंजूर झाल्यावरच प्रवेशाची माहितीपत्रके पाठवण्याची पद्धत जवळच्या शहरांतील संस्थांना चालून जाते. दूरच्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांना, जिथे प्राचार्यांची सही मिळवण्यासाठीही कधीकधी आठवडा जातो, ती महागात पडते. प्रस्तावाच्या अर्जाबरोबरच कोणते कागद पुढे लागतील याची यादी दिली, तर समितीच्या निर्णयावर काहीही परिणाम न होता बराच वेळ वाचेल.

काम संपल्यावरही दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तारखांना मिटतात. परवाना शेवटच्या दिवशी संपतो: कार्ड आणि बॅज परत करायचे असतात, आणि संगणकावरील तात्पुरते खाते बंद केले जाते, म्हणून मोजमापांच्या फाइली त्यापूर्वीच उतरवून घ्याव्या लागतात. वेळमंजुरीने आलेल्या जबाबदाऱ्या मात्र तिथून पुढे सुरू होतात. केंद्राने मागितलेला प्रयोगाचा अहवाल द्यावा लागतो, शोधनिबंधात केंद्राचा व बीमलाइनचा उल्लेख करावा लागतो, आणि पुढच्या चक्रात पुन्हा वेळ मागताना मागच्या वेळेचे काय केले हे समिती विचारते.