तेल कुणाचं? उत्तर तेलातच असतं

पावसाळा लागला की सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबराचे काळे गोळे येऊन पडतात. तळव्याला चिकटतात, आणि रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या) जाळ्यात अडकले तर निघता निघत नाहीत. मच्छीमारांनी तक्रार केली तर एक उत्तर हमखास मिळतं: समुद्रात शेकडो जहाजं, तेल कुणाचं म्हणून सांगणार? ज्या किनाऱ्यावरून आपला बांगडा आणि सुरमई घाट चढून कोल्हापुरात येते, त्याच्याबद्दल इथेही अनेकांची हीच समजूत आहे. ती चूक आहे. तेल कुणाचं हे बहुतेक वेळा सांगता येतं. घोडं अडतं ते नमुना नीट उचललेला नसतो म्हणून.

मे २०२५मध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा-३ हे मालवाहू जहाज बुडालं, तेव्हा हा प्रश्नच आला नाही. जहाजाचं नाव आणि टाक्यांतलं सुमारे ८४ टन डिझेल व ३६७ टन फर्नेस ऑइल, सगळं नोंदीत होतं. केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावला, त्याच समूहाशी जोडलेलं दुसरं जहाज केरळच्याच विझिंजम बंदरात अडकवून ठेवायला लावलं आणि उच्च न्यायालयाने १,२२७ कोटींची हमी मागितली. खरी पंचाईत होते ती रात्री टाकी धुऊन पुढे निघून गेलेल्या जहाजाची.

खनिज तेल म्हणजे हजारो हायड्रोकार्बनचं, म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या संयुगांचं मिश्रण. दोन घरांच्या कांदा-लसूण मसाल्यात जिन्नस जवळपास तेच, प्रमाण मात्र वेगळं, आणि फरक जिभेला लगेच कळतो. तेलाचंही तसंच, फक्त इथे जिभेचं काम यंत्र करतं. त्यातही सगळ्यात भरवशाचे रेणू म्हणजे होपेन. जिवाणूंच्या पेशीपटलाला मजबुती देणारा एक रेणू असतो. जिवाणू मेले, गाळात गाडले गेले आणि कोट्यवधी वर्षं भाजले गेले की त्या रेणूचा ऑक्सिजन निघून जातो आणि पाच कड्यांचा सांगाडा उरतो. तोच होपेन. हा सांगाडा इतका चिवट असतो की समुद्रातल्या जिवाणूंनाही तो सहजी पचत नाही.

तपासणीत तेलाच्या द्रावणाचा सुमारे एक मायक्रोलिटर थेंब ३० किंवा ६० मीटर लांब आणि पाव मिलिमीटर व्यासाच्या नळीत सोडतात. भट्टीचं तापमान हळूहळू ३०० अंशांपर्यंत चढवत नेतात. हलके रेणू आधी बाहेर पडतात, जड मागून. बाहेर पडलेल्या रेणूवर इलेक्ट्रॉनचा मारा केला की त्याचे तुकडे होतात. होपेनचा ठरलेला तुकडा १९१ वस्तुमानाचा, तर शैवालांच्या स्टेरॉलपासून बनलेल्या स्टेरेनचा २१७ चा. यंत्राला फक्त १९१ बघायला सांगितलं की पडद्यावर शिखरांची रांग उभी राहते: २७ कार्बनची जोडी, २९, मग सगळ्यात उंच ३०, आणि पुढे ३१ ते ३५ पर्यंत उतरत जाणाऱ्या जोड्या. शिखराच्या उंचीला स्वतंत्र अर्थ नाही. दोन शिखरांचं गुणोत्तर महत्त्वाचं, कारण नमुना थोडा असो वा जास्त, गुणोत्तर बदलत नाही.

या रांगेत ३० च्या शिखराला अगदी खेटून, त्याच्या आधी, कधी कधी एक छोटं शिखर दिसतं. ते ओलियानेनचं. हा रेणू फुलझाडांच्या अवशेषांतून येतो, आणि फुलझाडांचा पसारा वाढला तो क्रेटेशियस काळात, म्हणजे सुमारे साडेचौदा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. मुंबई हायचं तेल त्यानंतरच्या खडकांत तयार झालं, म्हणून त्यात ओलियानेन सापडतं. सौदी अरेबियाचं बरंचसं तेल त्याआधीच्या, ज्युरासिक काळातल्या चुनखडीतलं. त्या काळी फुलझाडांचा फारसा पत्ता नव्हता, त्यामुळे तिथे हे शिखर गायब. शिवाय अशा चुनखडीतल्या तेलात ३५ कार्बनची जोडी बऱ्याचदा ३४ च्या जोडीपेक्षा उंच निघते. म्हणजे मालवणच्या वाळूतला गोळा आखातातून आलेल्या टँकरचा की आपल्याच विहिरींच्या बाजूचा, याचा पहिला अंदाज इथेच बांधता येतो. अंदाजच, कारण आग्नेय आशियातल्या अनेक तेलांतही ओलियानेन असतं.

जहाजाचं जड इंधन (फर्नेस ऑइल) म्हणजे अनेक तेलांच्या शुद्धीकरणातून उरलेल्या गाळाची सरमिसळ. त्यामुळे बंदरागणिक, भरणागणिक त्याची घडण बदलते, आणि तपासणाऱ्याच्या ते पथ्यावर पडतं. डिझेलचं उलट. त्यात होपेन जवळजवळ नसतातच, तिथे लहान, दोन कड्यांच्या रेणूंवर भागवावं लागतं. युरोपीय पद्धतीत दोन नमुन्यांच्या गुणोत्तरांत १४ टक्क्यांपेक्षा जास्त फरक निघाला आणि तो ऊन-पाण्याच्या परिणामाने समजावता आला नाही, तर जुळणी नाकारतात. निकाल चारांपैकी एक: जुळतं, बहुधा जुळतं, सांगता येत नाही, जुळत नाही.

होपेन टिकतो याचा आणखी एक फायदा. मूळ तेलात तो १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) होता आणि किनाऱ्यावरच्या तेलात (पाणी वगळून) १५० भरला, तर १०० भागिले १५०, म्हणजे मूळ तेलाचा दोन तृतीयांश भाग उरला आणि एक तृतीयांश उडाला किंवा जिवाणूंनी खाल्ला. 'आमचं तेल एवढं घट्ट नव्हतंच' हा जहाजमालकाचा बचाव इथे ढिला पडतो.

आता नमुना. काचेची रुंद तोंडाची बाटली आणि टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत भरलं की तेल प्लॅस्टिकमध्ये मुरतं आणि प्लॅस्टिकची रसायनं तेलात उतरतात. गोळे अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळावेत. पातळ तवंग टेफ्लॉनच्या जाळीने टिपावा आणि तशीच कोरी जाळी वेगळ्या बाटलीत सोबत द्यावी. बाटली गच्च भरू नये. अंधारात, ४ अंशांला ठेवावी. सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्वतःच्या ट्रॉलरच्या कडेला वाकून तवंग उचलणं. इंजिनच्या वंगणात होपेन भरपूर असतात. बिल्जचं (बोटीच्या तळाशी साचणारं तेलकट) चार थेंब पाणी मिसळलं की फिर्यादीच्याच बोटीचा ठसा उमटतो. पंचनामा, जीपीएसची जागा, वेळ, सील आणि बाटली कुणाकडून कुणाकडे गेली त्याची सलग नोंद हवी. त्यात एक खाडा पडला की प्रयोगशाळेचा सुंदर आलेख कोर्टात रद्दी ठरतो.

संशयित जहाज शोधायची सुरुवात वारा आणि प्रवाहाच्या हिशेबाने होते. तवंग प्रवाहाबरोबर वाहतो, शिवाय वारा त्याला स्वतःच्या वेगाच्या सुमारे ३ टक्के वेगाने ढकलतो. सेकंदाला १० मीटरचा वारा तेलाला दिवसाला २६ किलोमीटर ढकलतो. हा माग उलटा काढून त्या वेळी तिथून गेलेल्या जहाजांच्या एआयएस (जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणारी यंत्रणा) नोंदी तपासतात आणि मग त्यांच्या टाक्यांचे नमुने मागतात.

दिसेल तो तवंग तेलाचाच, असंही नाही. मसाई पठारावरच्या जांभ्यातून पाझरणाऱ्या पाण्यावर इंद्रधनुषी पापुद्रा दिसला तर काडी मारून बघा. काचेसारखा तडकला तर लोहजिवाणूंचा, पुन्हा मिळून आला तर तेलाचा. आणि समुद्रावरचा चंदेरी तवंग एक चौरस किलोमीटर असला, तरी त्यात तेल ४० ते ३०० लिटरच असतं. 'समुद्र तेलाने भरला, मासे खाऊ नका' हे फॉरवर्ड गळतीपेक्षा वेगाने पसरतात आणि मच्छीमारांचा दर पाडतात. मासे तेलातली बरीचशी घातक संयुगं यकृतात मोडून बाहेर टाकतात. तिसऱ्या-कालवांना ते नीट जमत नाही. तपासणी आधी त्यांची व्हायला हवी.

तेल कुणाचं हे ठरलं तरी भरपाई नुकसान दाखवल्यावर मिळते. मच्छीमार सोसायटीच्या लिलावाच्या पावत्या, डिझेल परताव्याच्या नोंदी, बोटीचा परवाना आणि मागच्या दोन-तीन वर्षांचे त्याच महिन्यांतले आकडे लागतात. रापणीवरच्या मजुराकडे यातलं काहीच नसतं, त्यामुळे सगळ्यात गरीब माणूस यादीतून आधी गळतो. सोसायटीने हजेरीची वही ठेवली तर ती पुरावा म्हणून मांडता येते. टँकरच्या तेलासाठी आणि जहाजांच्या इंधनासाठी वेगवेगळे आंतरराष्ट्रीय करार आहेत. दोन्हींत दावा नुकसान झाल्यापासून ३ वर्षांत आणि घटनेपासून जास्तीत जास्त ६ वर्षांत लावावा लागतो.