काजव्यांचं पीक मातीत येतं

आंब्याच्या पेट्या स्वस्त व्हायला लागल्या की मुंबईच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर काजव्यांची पोस्टरं फिरू लागतात. 'दादरहून पिकअप, जेवण, नाश्ता, तंबू सगळं धरून.' मेच्या मध्यापासून पहिला दणकून पाऊस पडेपर्यंत, म्हणजे जेमतेम चार-पाच शनिवार-रविवार, कसारा घाट चढून घोटीमार्गे भंडारदऱ्याकडे गाड्यांची रीघ लागते. मीही दोनदा गेले. पहिल्यांदा तंबूवाल्यांबरोबर, दुसऱ्यांदा घाटघरच्या वाटेवरच्या एका घरी.

हा अकोले तालुक्याचा डोंगराळ पट्टा. डोक्यावर १६४६ मीटरचं कळसूबाई, भोवती अभयारण्य, वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. पावसाळ्यात इथे आभाळ फाटतं, आणि एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन दरीतल्या झऱ्याकडे उतरतात. कातळावरून पाणी वाहून जातं, मुरत नाही. पीक एकच, भात. कापणी झाली की बरीच घरं कुलूपबंद होतात. माणसं नारायणगावच्या बाजूला मजुरीला जातात. मे म्हणजे राब भाजायचा, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायचा, आणि आभाळाकडे बघायचं. अशा महिन्यात एका किड्यामुळे घरात चार पैसे येतात, ही गोष्ट तिथे कोणी हसण्यावारी नेत नाही.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या गोतातला. जगात त्याच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत. त्याच्या पोटाच्या शेवटच्या वळ्यांत ल्युसिफेरिन नावाचं रसायन असतं. ल्युसिफेरेज हे विकर, पेशीचं इंधन असलेलं एटीपी आणि प्राणवायू एकत्र आले की ते रसायन उजळतं. जुन्या पिवळ्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेत वाया जायची. काजव्याचा दिवा हातावर घेतला तरी गरम लागत नाही. लुकलुक होते ती प्राणवायूच्या येण्या-थांबण्यामुळे. २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की यात नायट्रिक ऑक्साइड हा वायू मध्यस्थ असतो: तो पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांना क्षणभर थोपवतो, त्यांनी न वापरलेला प्राणवायू दिव्यापर्यंत पोचतो आणि काजवा पेटतो. छातीत दुखलं की आजोबा जिभेखाली जी गोळी ठेवतात, तीही शरीरात हाच वायू सोडते.

पण मुंबईकर चार तास गाडी चालवतात ते एका काजव्यासाठी नव्हे. सादडा, हिरडा, बेहडा, उंबर, एखादं अख्खं झाड एका तालात पेटतं आणि विझतं, ते बघायला. त्यांचा कोणी म्होरक्या असावा असं पूर्वी अनेकांना वाटे. १९६५ मध्ये जॉन आणि एलिझाबेथ बक हे अमेरिकन शास्त्रज्ञ दांपत्य थायलंडला गेलं. त्यांनी पिशवीभर काजवे बँकॉकच्या हॉटेलच्या अंधाऱ्या खोलीत सोडले. भिंतींवर बसलेले काजवे आधी आपापल्या तालात लुकलुकत होते. मग दोघांची, तिघांची जोडी जमली आणि थोड्या वेळात गट एका ठेक्यावर आला. प्रत्येकाच्या आत स्वतःचं घड्याळ असतं, आणि शेजारी चमकला की ते जरासं पुढे-मागे होतं. विरार लोकलमधलं भजन आठवा. पहिल्या मिनिटाला टाळ्या विस्कळीत असतात, वसईपर्यंत डबा एका तालात येतो, आणि कोणी हात करून ठेका दिलेला नसतो.

झाडावरचा हा सोहळा काजव्याच्या आयुष्याचा शेवट असतो, हे मात्र पोस्टरवर नसतं. पंखवाला काजवा दोन-तीन आठवडे जगतो. कित्येक जातींत तो काही खातही नाही. त्याआधी काही महिने, काही जातींत वर्ष-दोन वर्षं, तो अळी असतो. ही अळी ओल्या मातीत, पालापाचोळ्यात राहते, गोगलगायी आणि गांडुळं विष टोचून लुळी करते आणि खाते. म्हणजे काजव्यांचं पीक येतं ते झाडाखालच्या जमिनीत, उरलेल्या अकरा महिन्यांत, जेव्हा तिकडे एकही पर्यटक नसतो.

माझ्या पहिल्या खेपेला गाड्या लावल्या होत्या त्या नेमक्या याच जमिनीवर. झाडाजवळचं सपाट गवताळ रान, सोयीचं. तीस-चाळीस गाड्यांची चाकं, हेडलाइट, आणि 'दिसत नाहीत रे' म्हणत फांद्यांवर मारलेले मोबाइलचे टॉर्च. काजव्याचा प्रकाश म्हणजे लग्नाची बोलणी. बऱ्याच जातींत नर उडता उडता खूण करतो आणि गवतावर बसलेली मादी उत्तर देते. टॉर्चच्या झोतात त्याला ते उत्तर दिसत नाही. बोलणी फिसकटली की अंडी नाहीत, आणि त्याचा हिशेब पुढच्या साली लागतो, तंबूवाला दुसऱ्या डोंगराकडे वळल्यावर.

मेक्सिकोत नानाकामिल्पा नावाचा असाच डोंगराळ भाग आहे. लाकूडतोडीवर जगणारी तिथली काही कुटुंबं काजवे दाखवू लागली, आणि उभं झाड तोडलेल्या झाडापेक्षा जास्त देतं हे त्यांच्या लक्षात आलं. पण तिथल्या काजव्याच्या मादीला उडताच येत नाही. ती जमिनीवरच असते, बघ्यांच्या बुटांच्या वाटेत. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी पर्वतात त्या दिवसांत गाड्यांना सोडत काढून प्रवेश देतात आणि टॉर्चवर लाल कागद लावायला सांगतात. काजव्यांना लाल प्रकाश फारसा दिसत नाही. आपल्याकडेही सोडत काढायला हरकत नाही. म्हाडामुळे सवय आहेच.

मला विचाराल तर गाड्या डांबरी रस्त्यालाच थांबवाव्यात आणि पुढे गावातल्या माणसाबरोबर चालत जावं. माती वाचते, आणि मुंबईत भरलेले पैसे मुंबईतच न राहता वाट दाखवणाऱ्याच्या हातात पडतात.

दुसऱ्या खेपेला अंगणात नागलीची भाकरी खाताना डोक्यावर ट्यूबलाइट भगभगत होती. म्हटलं, "दादा, ही बंद केली तर चालेल?"

ते हसले. "मागल्या साली पाव्हण्यांला अंधाराचं भ्या वाटलं म्हणून लावली. आता तुम्ही म्हणता बंद करा, ताई." आणि उठून बटण दाबलं.

आधी काहीच दिसेना. डोळ्यांना अंधाराची नीट सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मग गोठ्यामागच्या उंबरावर एक चमकला, त्याच्या खाली दुसरा. तेवढ्यात घरातून म्हातारीचा आवाज आला, "लाइट गेली का रं?"