लाटेकमध्ये मराठी जोडाक्षरं तुटतात, हे खरं नाही

सांगली-साताऱ्याकडे प्रबंध टाइप करणाऱ्यांत एक समज पक्का बसलाय: लाटेक (LaTeX, मजकुराची छपाईसाठी मांडणी करणारं सॉफ्टवेअर) गणितासाठी चांगलं, मराठीला निरुपयोगी. हा समज पीडीएफलाटेक या लाटेकच्या जुन्या इंजिनवरून आला. त्याला युनिकोड फॉन्ट थेट वापरता येत नाहीत. २००४ साली झीटेक (XeTeX) हे इंजिन आलं आणि ही अडचण संपली. तेही मुक्त आणि मोफतच आहे.

तरी अक्षरं तुटतात, कारण एक पर्याय राहून जातो. मजकूर सुरू होण्याआधी फॉन्ट निवडण्याचं फॉन्टस्पेक (fontspec) पॅकेज घ्या, मुख्य फॉन्ट म्हणून शोभिका किंवा नोटो सेरिफ देवनागरी द्या आणि चौकटी कंसात स्क्रिप्ट देवनागरी असल्याचं (Script=Devanagari) लिहा. ते नसेल तर ‘मिरज’मधली वेलांटी म-च्या नंतर जाऊन बसते आणि ‘कऱ्हाड’चा हलन्त उघडा पडतो. दोष फॉन्टचा नसतो, त्यामुळे फॉन्ट बदलून काही होत नाही. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करून झीलाटेकने, म्हणजे झीटेकवरच्या लाटेकने, चालवा. लुआलाटेक हे दुसरं इंजिन वापरत असाल तर रेंडरर (अक्षरं जोडून मांडणारा भाग) हार्फबझ हेही सांगावं लागतं (Renderer=HarfBuzz).

श्रीलिपीतला जुना मजकूर मात्र आधी युनिकोडमध्ये बदलूनच घ्या. तसाच चिकटवला तर नुसती भलतीच चिन्हं दिसतील.

आणि टक्क्याचं चिन्ह सांभाळा. ‘साखर उतारा ११.५% मिळाला’ असं लिहिलंत, तर चिन्हापासून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर टिप्पणी समजून गाळला जातो, एररही येत नाही. चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यायची.