ऑफिसच्या वाय-फायला प्रत्येकाची वेगळी किल्ली

महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या इमारतींत गाळ्याला गाळा लागून असतो, त्यामुळे एकाचं वाय-फाय शेजारच्या तीन-चार गाळ्यांत आरामात पोहोचतं. बहुतेक ऑफिसांत पासवर्ड एकच, आणि तो नोकरी सोडून गेलेल्यांच्या फोनमध्येही तसाच राहिलेला असतो. बदलायचा तर सगळ्यांचे फोन-लॅपटॉप पुन्हा जोडावे लागतात, म्हणून कोणी बदलत नाही.

यावरचा उपाय, प्रत्येकाची ओळख तपासूनच नेटवर्कमध्ये घेणारं ८०२.१एक्स हे मानक, २००१पासून आहे. मुळात ते स्विचसाठी, म्हणजे केबलनं यंत्रं जोडणाऱ्या पेटीसाठी होतं: केबल खोचली तरी ओळख पटेपर्यंत तिचं भोक, म्हणजे पोर्ट, बंद. वाय-फायमध्ये केबल नाही, म्हणून ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारी पेटी) प्रत्येक जोडणीलाच एक पोर्ट मानतो. ओळख पटेपर्यंत त्यातून फक्त ओळखीचे संदेश जातात, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मागणारा डीएचसीपीचा संदेशही जात नाही. ‘आयपी मिळत नाही’ अशी तक्रार आली तर आधी ओळख तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरचा लॉग, म्हणजे नोंदवही, बघावी. निर्णय तोच घेतो. ॲक्सेस पॉइंट नुसता निरोप्या असतो.

चाळीसेक माणसांच्या ऑफिसला जुना पीसी आणि त्यावर फ्रीरेडियस हे रेडियस सर्व्हरचं सॉफ्टवेअर एवढं पुरतं. सर्व्हरला कायमचा आयपी द्या. त्याच्या क्लायंट्सच्या फाइलमध्ये (इथे क्लायंट म्हणजे ॲक्सेस पॉइंट) प्रत्येक ॲक्सेस पॉइंटचा आयपी आणि किमान १६ अक्षरांचं, अंदाज न येणारं सीक्रेट, म्हणजे त्या दोघांमधला गुप्त शब्द, लिहा. ॲक्सेस पॉइंटवर सुरक्षेच्या पर्यायांत डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ एंटरप्राइज निवडून सर्व्हरचा आयपी, यूडीपी पोर्ट १८१२ आणि तेच सीक्रेट भरा. मग सर्व्हर डीबग मोडमध्ये (प्रत्येक पायरी पडद्यावर दाखवत) चालवून एक फोन जोडून बघा. पडद्यावर काहीच उमटलं नाही, तर फायरवॉल अडवतोय किंवा आयपी चुकलाय. ‘अनोळखी क्लायंट’ असा संदेश आला, तर फाइलमधली नोंद तपासा. सीक्रेट जुळत नसेल तर सर्व्हर उत्तरच देत नाही. ॲक्सेस पॉइंटवर नुसता टाइमआउट दिसतो आणि माणूस उगाच केबल तपासत बसतो.

इतकं जमलं की बरेच जण थांबतात, आणि खरा धोका तिथेच आहे. पीईएपी या नाव-पासवर्डच्या पद्धतीत ते देण्याआधी फोननं सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं डिजिटल ओळखपत्र, तपासायचं असतं. ती तपासणी बंद ठेवली, तर शेजारच्या गाळ्यातून कोणीही त्याच नावाचं नेटवर्क उभं करू शकतो आणि फोन आपली ओळख त्याच्या हाती देतो. पीईएपीच्या आत पासवर्ड तपासायला वापरली जाणारी एमएस-चॅप व्ही२ ही पद्धत फोडणं म्हणजे डीईएस या जुन्या, कमकुवत सांकेतिक पद्धतीची ५६ बिटांची एक किल्ली शोधणं, हे २०१२मध्येच दाखवून दिलं गेलं आहे. म्हणून आपल्या सीएचं (सर्टिफिकेटं देणाऱ्या यंत्रणेचं) सर्टिफिकेट प्रत्येक फोनमध्ये घाला आणि ‘डोमेन’च्या रकान्यात सर्व्हरचं नाव भरा. कंपनीच्या लॅपटॉपना तर ईएपी-टीएलएस ही पद्धतच वापरावी: तिथे पासवर्ड नसतोच, प्रत्येक यंत्राचं स्वतःचं सर्टिफिकेट असतं.

सर्टिफिकेट आलं की घड्याळ आलं. जुन्या पीसीऐवजी रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक सर्व्हर म्हणून वापरला, तर त्यात घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज जाऊन आली की तो जुनीच वेळ धरून उठतो, आणि काल-परवा बनवलेलं सर्टिफिकेट त्याला ‘अजून लागू न झालेलं’ वाटू शकतं. वेळ एनटीपीवरून, म्हणजे नेटवर्कवरच्या घड्याळाशी, जुळल्यावरच रेडियस सुरू होईल अशी सोय करा. फ्रीरेडियससोबत येणारी सर्टिफिकेटं फक्त चाचणीसाठी असतात. स्वतःची बनवा आणि मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर टाका.

सर्व्हर महापेला आणि शाखा ठाण्यात असेल तर वेगळीच अडचण येते. ईएपी-टीएलएसमध्ये लॅपटॉप आपलं सर्टिफिकेट पाठवतो, तेव्हा पॅकेट (एका वेळी जाणारा डेटाचा गठ्ठा) १५०० बाइटच्या वर जाऊन त्याचे तुकडे होतात, आणि मधला फायरवॉल किंवा दोन ऑफिसं जोडणारा व्हीपीएन ते टाकून देऊ शकतो. पीईएपी चालतं पण टीएलएस अर्ध्यावर लटकतं, ही त्याची खूण. तुकडे जाऊ द्या, किंवा टीसीपी पोर्ट २०८३ वर चालणारं रॅडसेक, म्हणजे रेडियसचं सुरक्षित रूप, वापरा.

प्रिंटर आणि कॅमेऱ्यांना हे सहसा जमत नाही. त्यांच्यासाठी वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा काढलेला भाग) आणि वेगळा पासवर्ड ठेवा.

माणूस सोडून गेला की त्याचं खातं बंद करा किंवा सर्टिफिकेट रद्द करा. पण आधीच जोडलेला फोन तेवढ्यानं तुटत नाही. त्यासाठी सर्व्हरवरून सेशनची मर्यादा, समजा २८,८०० सेकंद म्हणजे आठ तास, पाठवावी लागते. घाई असेल तर ॲक्सेस पॉइंटवरून तो फोन हातानं काढून टाका.