टोकियोचे हवाई हल्ले आणि जपानमधील युद्धविरोधी जनमत : पार्श्वभूमी

जपानी समाजाच्या युद्धविरोधाचे मूळ हिरोशिमा-नागासाकीत शोधण्याची रीत आहे. पण आगलावू बॉम्बनी बेचिराख झालेल्या इतर शहरांतून वाचलेल्यांचा वाटाही त्यात मोठा आहे आणि त्यांचा रोष शत्रूइतकाच स्वतःच्या सरकारवरही राहिला. १९४१ मध्ये हवाई संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन नागरिकांना शहर सोडण्यास मनाई करण्याचा अधिकार सरकारला मिळाला आणि आग विझवणे हे त्यांचे कर्तव्य ठरले. १० मार्च १९४५ च्या मध्यरात्रीनंतर टोकियोच्या पूर्वेकडील दाट वस्तीत बॉम्ब पडू लागले, तेव्हा बादल्या घेऊन आगीशी झुंजण्यात मोलाचा वेळ गेला. लोक पळू लागले तोवर सुमिदा नदीवरील एक पूल दोन्ही तीरांवरून आलेल्या लोंढ्यांनी तुंबून गेला होता. त्या रात्री सुमारे १ लाख माणसे मेली.

खरा तिढा भरपाईचा आहे. युद्धकाळात, १९४२ च्या कायद्यानुसार, बॉम्बहल्ल्यांत होरपळलेल्या नागरिकांना सरकारी मदत मिळत असे. १९४६ मध्ये तो कायदा रद्द झाला. १९५२ पासून माजी सैनिक व त्यांच्या वारसांसाठी साहाय्य आणि निवृत्तिवेतन सुरू झाले, १९५७ मध्ये अणुबॉम्बग्रस्तांना वैद्यकीय मदत मिळाली, पण हवाई हल्ल्यांत हात-पाय गमावलेले नागरिक मात्र वगळले गेले. नागोयातील पीडितांच्या दाव्यावर १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, युद्धातील हानी सर्व जनतेने सारखीच सोसायची असते आणि मदतीचा निर्णय संसदेने घ्यायचा असतो. माजी सैनिकांना निवृत्तिवेतन मिळत असताना ‘सारखीच’ म्हणजे काय, हे त्या निकालातून उलगडत नाही. टोकियोतील पीडितांनी २००७ मध्ये केलेला दावाही २०१३ मध्ये अखेर फेटाळला गेला. हे हल्ले आखणाऱ्या अमेरिकी सेनानीला मात्र याच सरकारने १९६४ मध्ये मानचिन्ह दिले होते.

(जपानी विमानांनी १९३८ पासून चीनमधील चोंगछिंग शहरावर केलेल्या बॉम्बफेकीला या स्मृतीत फारशी जागा नाही, हेही नोंदवले पाहिजे.)

मित्रदेशांच्या मदतीसाठीही सैन्य वापरण्याची मुभा देणारे २०१५ चे सुरक्षाविषयक कायदे आणि संरक्षणखर्च दुपटीकडे नेण्याचा २०२२ चा निर्णय झाला, तोवर ते हल्ले आठवणारी पिढी ऐंशी-नव्वदीत पोहोचली होती. अपंगत्व आलेल्या पीडितांना एकरकमी ५ लाख येन देण्याचा मसुदा खासदारांच्या सर्वपक्षीय गटाने तयार केला. त्यात अनाथ झालेल्यांचा समावेश नाही आणि ऑगस्ट २०२५ पर्यंत त्याचा कायदा झाला नव्हता.