हिंगणघाट

हिंगणघाट : वर्धा जिल्ह्यातील वणा (वेणा) नदीकाठचे तालुक्याचे ठिकाण, कापसाची जुनी बाजारपेठ व गिरणगाव. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ७५ किमी. अंतरावर, नागपूर–हैदराबाद मार्गावर ते वसले आहे. १८६२ मध्ये वर्धा जिल्हा वेगळा होईपर्यंत हा भाग नागपूर जिल्ह्यात मोडत असल्याने त्याचा पूर्वेतिहास नागपूरकर भोसल्यांच्या राज्याशी निगडित आहे. वणा नदी नागपूर जिल्ह्यात उगम पावते व पुढे वर्धा नदीस मिळते.

गावाचा लौकिक झाला तो मुख्यतः कापसामुळे. येथील ‘बनी’ वाणाचा धागा लांब, मऊ व तलम असे. त्यामुळे मुंबई व लिव्हरपूल येथील बाजारांत ‘हिंगणघाट’ हे एका प्रतीचेच नाव झाले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) भारतीय कापसाला मागणी वाढली, तेव्हा या वाणाकडे सरकारचे विशेष लक्ष गेले. मध्य प्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कारनॅक यांनी त्याच्या बियाण्याच्या प्रसारासाठी खटपट केली. लोहमार्ग येण्यापूर्वी या मुलखातील कापूस बैलांच्या पाठीवर लादून मिर्झापूरकडे जाई. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि मालाचा ओघ मुंबईकडे वळला.

बनीचा ऱ्हास नेमका केव्हा सुरू झाला याविषयी एकवाक्यता नाही. काहींच्या मते मिश्र सरकी पेरली गेल्याने वाण बिघडला, तर काही जण ‘जरी’ या जाड्याभरड्या वाणाच्या स्पर्धेला दोष देतात. दुसरे कारण अधिक सयुक्तिक दिसते. बनीच्या बोंडात सरकी जड व रुईचा उतारा कमी. जरीचा धागा आखूड असला, तरी रेच्यातून (सरकी वेगळी करण्याच्या यंत्रातून) तेवढ्याच कापसाची रुई जास्त निघे. बाजारभावातील फरक हा तोटा भरून काढण्याइतका नसल्यावर शेतकऱ्याने बनी का पेरावी, असा प्रश्न होता. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जरीने बहुतेक क्षेत्र व्यापलेले होते.

गिरण्या उभ्या राहिल्या त्या नेमक्या याच संक्रमणकाळात. नागपूर-कामठीच्या बन्सीलाल अबीरचंद या सावकारी पेढीची गिरणी सामान्यतः १८८१ मधील मानली जाते, म्हणजे नागपूरच्या एम्प्रेस मिलनंतर (१८७७) चारच वर्षांनी. गावातील दुसऱ्या, म्हणजे मोहता घराण्याच्या गिरणीसाठी १८९८ व १९०० अशी दोन वर्षे आढळतात. पहिले स्थापनेचे व दुसरे प्रत्यक्ष कामाचे असणे संभवते. पहिल्या गिरणीचे १९७४ च्या कायद्यान्वये राष्ट्रीयीकरण झाले.

जुनी वस्ती नदीलगत असल्याने तिला पुराचा उपद्रव होई. त्यामुळे रुंद रस्त्यांची नवी वसाहत आखण्यात आली. नगरपालिका १८७३ पासून आहे.

स्थलदर्शनात कर्नल विल्यम लॅम्टन यांच्या कबरीचा उल्लेख आवश्यक ठरतो. १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा (त्रिकोणांच्या मोजणीचा पाया ठरणारी रेषा) मोजून त्यांनी आरंभिलेल्या कामाचा विस्तार पुढे भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणात झाला. सर्वेक्षणाचे ठाणे हैदराबादहून नागपूरला हलवण्यासाठी प्रवास करीत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट मुक्कामी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मवर्षाविषयी मात्र मतभेद आहेत. १७५३ च्या सुमाराचे वर्ष, १७५६ आणि क्वचित १७६९ असेही दिले जाते. १७८१ मध्ये त्यांना सैन्यात अधिकारपद मिळाल्याची नोंद आहे. १७६९ स्वीकारल्यास त्या वेळी त्यांचे वय जेमतेम बारा ठरते. पहिल्या दोहोंत निर्णायक पुरावा नसला, तरी मृत्यूसमयी ते सत्तरीच्या घरात होते, या समकालीन समजुतीशी १७५३ चा मेळ अधिक बसतो. सर्वेक्षणाची सूत्रे त्यांच्यानंतर त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे गेली.